चेमाची रजा

इलारिओ ओर्नेलास विमानतळाच्या गाडीतळावर गाडी बंद करून बसला होता. मागच्या सीटवर लष्कराचा गणवेश आडवा ठेवलेला होता, धुलाईवाल्यानं चढवलेल्या प्लास्टिकच्या पिशवीसकट. मार्च सरत आला तरी मिनेसोटातला बर्फ हटला नव्हता. रस्त्याच्या कडेला तो काळा पडून ढिगानं साचला होता.

गणवेश चेमाचा. चेमा म्हणजे होसे मारिया, इलारिओचा शाळेपासूनचा दोस्त. दोघं एकाच दिवशी भरती झाले, एकाच तुकडीतून इराकला गेले आणि एकाच विमानातून परतले. फरक एवढाच, की इलारिओ मेक्सिकोच्या सीमेच्या अलीकडे, अमेरिकेत जन्मला होता, आणि चेमाला त्याच्या आईनं लहानपणी कडेवर घेऊन अलीकडे आणलं होतं. भरती करणारा म्हणाला होता, एकदा वर्दी अंगावर चढली की नागरिकत्व आपोआप. आपोआप काही झालं नाही. लढाईवरून आल्यावर चेमाची झोप उडाली. आधी दारू, मग गोळ्या, आणि मग एका भांडणात त्यानं कुणाचा तरी जबडा फोडला. शिक्षा भोगून सुटला तेव्हा तुरुंगाच्या दारातूनच त्याला परस्पर सीमेपार, मेक्सिकोतल्या तिहुआना शहरात नेऊन सोडलं. गरज सरो, वैद्य मरो.

याला अकरा वर्षं झाली. त्याला परत आणा म्हणून इलारिओ अर्ज लिहायला बसला आणि तिथून त्याचं लिहिणं सुरू झालं. त्याआधी त्यानं किराणा सामानाच्या यादीपलीकडे काही लिहिलं नव्हतं. अर्ज परत यायचा, हा आणखी लांब लिहायचा. शेवटी वकीलबाई म्हणाली, "मिस्टर ओर्नेलास, हा अर्ज नाही, हे पुस्तक आहे. हे कुठंतरी छापा आणि मला दोन पानांचा अर्ज द्या." चेमाचं नाव बदलून पुस्तक छापलं गेलं, त्यामागून दुसरंही आलं. चेमासारखे हाकलून दिलेले सैनिक किती आहेत ते लोकांना कळलं. इलारिओला कॉलेजांतून बोलावणी येऊ लागली, तो आमदारांपुढे जाऊन साक्षी देऊ लागला. दर शनिवारी वाचनालयाच्या तळघरात तो जुन्या सैनिकांना लिहायला शिकवायचा. त्यांना एकच सांगायचा, घडलं तेवढंच लिहा, वरून शोभा आणू नका.

आणि हाच माणूस एका म्हातारीसमोर बसला, की बिनदिक्कत शोभा आणायचा.

ती म्हातारी म्हणजे चेमाची आई, एउलालिया. गल्लीतले सगळे तिला दोन्या म्हणत. आपल्याकडे एखादीला मानानं बाई म्हणतात तसं. चेमाला सीमेपार टाकलं त्याच आठवड्यात तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. शुद्धीवर आल्या आल्या तिनं विचारलं, चेमा कुठाय. तिची मुलगी चायो घाबरून म्हणाली, त्याला पलटणीचं परत बोलावणं आलं, बाहेरदेशी ठाण्यावर नेमलंय. म्हातारी जरा सावरली की खरं सांगू, असं तेव्हा ठरलं. पण खोटं हे बांडगुळासारखं. एकदा फांदीवर रुजलं की उपटताना फांदीच येते हातात.

दर रविवारी चेमा तिहुआनातल्या आपल्या खोलीत बाजारातून घेतलेला लष्करी छापाचा सदरा घालून फोनसमोर बसायचा. दोन्या विचारायची, "ही कसली पलटण, पोराला आईकडे सोडत नाही?" चायोला उत्तर सुचायचं नाही. सुचायचं ते इलारिओला. एका नाताळात तो म्हणाला, "दोन्या, तिकडे पोराबाळांवाले शिपाई आहेत. चेमा आपली रजा त्यांना देऊन टाकतो." म्हातारीनं ते गिरिजाघरात सगळ्यांना सांगितलं. पाद्र्यानं प्रवचनात सांगितलं. त्यानंतर तिनं रजेचं कधी विचारलं नाही.

आता ती अंथरुणाला खिळली होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. इलारिओनं पुन्हा अर्ज केला, दारं ठोठावली, आणि कधी नव्हे ती सरकारला दया आली. मरणाऱ्या आईला भेटायला चेमाला परवानगी मिळाली. शनिवारी यायचं, मंगळवारी संध्याकाळपर्यंत देशाबाहेर.

चेमा बाहेर आला तो एक पिशवी घेऊन. केस पांढरे, खांदे पडलेले. दोघांनी मिठी मारली.

"थंडी विसरलो होतो यार," चेमा म्हणाला.

"गाडीत बस. कपडे बदल. आई वाट बघतेय."

मागच्या सीटवर अंग चोरून चेमानं गणवेश चढवला. कोटाची बटणं पोटावर लागेनात.

"तुझ्यामुळं झालं हे," तो म्हणाला. "आईपुढे तू मला बढत्या देत गेलास. एवढ्या बढत्या मिळाल्यावर माणूस फुगणारच."

"शेवटची बढती तूच मागितली होतीस."

"आईचा वाढदिवस होता. काहीतरी द्यायला नको?"

इलारिओ हसला. चेमाही हसला, आणि मग खिडकीबाहेर बघत राहिला. नदीवरचा पूल आला, वेस्ट साइड या त्यांच्या वस्तीची जुनी घरं आली, त्यांची शाळा आली. चेमा एकेका घराकडे बघत होता, पण कुणाचं नाव मात्र त्यानं विचारलं नाही.

दारात चायो उभी होती. ती भावाच्या गळ्यात पडली, तशीच त्याला ओढत आत घेऊन गेली. खोलीत दोन्याजवळ डॉक्टर वसुधा गानू बसल्या होत्या. त्या ईडन प्रेरी या जवळच्या उपनगरातल्या. रिटायर झाल्यापासून शेवटच्या आजारातल्या माणसांकडे घरी जाऊन बसायच्या, पैसे न घेता. मला डॉक्टर नको, काकू म्हणा, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि त्या घरात सगळे त्यांना काकू म्हणत, अगदी दोन्यासुद्धा.

दोन्याची नजर अधू झाली होती. दारात कुणीतरी उभं आहे एवढंच तिला दिसलं असावं. चेमा गुडघ्यांवर बसला. तिनं हात पुढं केला, तो कोटाच्या बाहीवर पडला. बोटांनी तिनं कापड चाचपलं, पितळी बटण चाचपलं, मग हात वर नेत त्याच्या हनुवटीपर्यंत आली.

"पोरा," ती म्हणाली. "दाढी केली नाहीस."

"प्रवासात होतो, आई."

तिनं त्याचं डोकं छातीशी घेतलं. वसुधाकाकू उठून स्वयंपाकघरात गेल्या. चायो भिंतीला टेकून रडत होती, आवाज न करता. इलारिओच्या मनात आलं, आता काही झालं तरी चालेल. एवढ्यासाठीच तर सगळा आटापिटा होता.

तासभर बरा गेला. दोन्यानं दोन चमचे सूप घेतलं, तेही चेमाच्या हातून. मग तिचा श्वास जरा स्थिरावला आणि तिनं विचारलं, "तुझ्या जागी कोण आहे तिकडे?"

"कुठं?"

"ठाण्यावर. तू इथं आलास, तर तिथं कोण उभा आहे?"

चेमानं इलारिओकडं पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा इलारिओला काही सुचलं नाही.

"आहे एक," चेमा म्हणाला. "चांगला आहे."

"त्याला पोरं आहेत?"

चेमा गप्प राहिला.

"आहेत म्हणजे," दोन्या म्हणाली. "आणि तू त्याची रजा घेतलीस. एवढी वर्षं तू आपली दिलीस, आणि आता या वाळक्या लाकडासाठी दुसऱ्याची घेतलीस." ती रागावली नव्हती. लहानपणी शेजाऱ्याची सायकल न विचारता आणल्यावर समजावलं असेल तसं ती समजावत होती. "भेट झाली. तुला पाहिलं. आता परत जा. आज निघालास तर त्याची रजा पुरती जायची नाही."

"आई, मला मंगळवारपर्यंत..."

"मी मंगळवारी मरेन, नाहीतर पुढच्या मंगळवारी. मरायला माणूस लागत नाही, चेमा. पहाऱ्याला लागतो."

ती डोळे मिटून पडली. तिघं स्वयंपाकघरात आली. चायोनं दार लोटलं.

"मी सांगतो तिला," इलारिओ म्हणाला. "आत्ता जाऊन सांगतो."

"काय सांगणार?" चेमानं विचारलं.

"खरं ते. की ठाणं नाही, पहारा नाही. की तिकडे तू कुणाला हवा आहेस असं काही नाही."

"आणि का नाही ते? तेही सांगशील? जबडा, तुरुंग, सगळं?"

"तिला मुलगा जास्त हवा असेल की पहारेकरी?"

"इलारिओ," चायो म्हणाली, "तुझं भाषण इथं नको. तू सांगून घरी जाशील. लिहिशील. लोक टाळ्या वाजवतील. ती मात्र ते उरावर घेऊन जाईल."

"रजेची गोष्ट तिला कुणी सांगितली?" इलारिओ म्हणाला. "मीच ना? मग निस्तरायला नको?"

वसुधाकाकू ओट्याशी चहा करत होत्या. त्यांनी गॅस बारीक केला. "मला विचाराल तर तिच्याकडे फार दिवस नाहीत," त्या म्हणाल्या. "खरं ऐकलं तर तिला रागवायला, रडायला, मग समजून घ्यायला वेळ लागेल. तेवढा वेळ आहे की नाही, हे मला सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही."

तरीही इलारिओ आत गेला. खुर्ची ओढून बसला. दोन्या जागीच होती.

"इलारिओ का? पावलावरून ओळखलं." ती छताकडे बघत बोलू लागली. "मी बिटाच्या शेतात वाकून तणं काढायची तेव्हा मालकाची बायको मला नावानं हाक मारत नव्हती. ए म्हणायची. बावीस उन्हाळे ए म्हणायची. मग चेमाचा वर्दीतला फोटो मी दारात लावला. पोस्टमनसुद्धा टोपी काढायचा. तेव्हापासून माझी पाठ कधी दुखली नाही बघ."

इलारिओनं मान हलवली. तिला ते दिसलं नसणार.

"तू पुस्तकं लिहितोस. लोक म्हणतात तू खोटं लिहीत नाहीस. मला एक सांग. तो पळून तर नाही ना आला?"

इथं बोलायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं. इलारिओनं आमदारांपुढे ते वाक्य कितीदा म्हटलं होतं, कधी जीभ अडखळली नव्हती. तो पळाला नाही, दोन्या, त्याला हाकललं. ज्यांच्यासाठी तो लढला त्यांनीच हाकललं. शब्द ओठापर्यंत आले. त्यानं तिच्याकडं पाहिलं. ती एवढीशी झाली होती, पण उशीवर मान ताठ होती.

"नाही दोन्या," तो म्हणाला. "पळून नाही आला."

"मग त्याला पोचव. आजच."

चेमा आत आला. तिनं अंगठ्यानं त्याच्या कपाळावर क्रूस काढला, गालावर थोपटलं. तो काहीतरी बोलायला गेला, पण तिनं त्याच्या ओठांवर बोट ठेवलं. "जा," म्हणाली, "उशीर होतो."

पुढचं दार वाजलं. गाडी सुरू झाली, गल्लीच्या टोकाला वळली. खोलीत दोन्या कान देऊन ऐकत होती. आवाज विरला तसे तिनं डोळे मिटले.

गाडी गिरिजाघराला वळसा घालून मागच्या गल्लीत आली. चेमानं बूट काढून हातात घेतले आणि तो मागच्या दारानं स्वयंपाकघरात आला. वसुधाकाकूंनी काही न बोलता त्याच्यासमोर चहाचा कप ठेवला.

"औषधानं ती बराच वेळ झोपते," त्या म्हणाल्या. "झोप लागली की मी खूण करीन. तेव्हा जाऊन बस."

मग मंगळवारपर्यंत त्या घरात तसंच चाललं. दोन्या जागी असली की चेमा स्वयंपाकघरात बसायचा आणि भिंतीपलीकडून तिचा खोकला ऐकायचा. तिचा डोळा लागला की तो मोज्यांवर आत जायचा, पायथ्याशी बसायचा आणि गोधडीवरून तिचे पाय दाबायचा. बहीण-भाऊ खुणेनं बोलत. इलारिओ येऊन-जाऊन असायचा. स्वतःच्या आईच्या घरात चोरासारखा वावरणारा तो पन्नाशीकडे झुकलेला माणूस पाहून त्याला वाटायचं, सरकारनं चेमाला एकदाच हाकललं, आपण दुसऱ्यांदा.

सोमवारी दुपारी दोन्याला अर्धवट जाग आली. चेमाचा हात तिच्या गुडघ्यावर होता. तो तिथंच थिजला.

"कोण?"

दारातून चायो म्हणाली, "मी आहे, आई."

दोन्यानं हात लांब करून तो हात आपल्या हातात घेतला. बराच वेळ धरून ठेवला, त्याची बोटं, त्यावरचे घट्टे चाचपत.

"किती खरखरीत झालाय गं तुझा हात, चायो," ती म्हणाली. "माझं करून करून. माझ्यामागं जरा आराम कर."

चेमानं दात आवळले होते. डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं, पण श्वासाचासुद्धा आवाज त्यानं होऊ दिला नाही. चायो जवळ येऊन त्याच्यामागं उभी राहिली आणि म्हणाली, "करीन आई."

मंगळवारी इलारिओनं त्याला विमानतळावर सोडलं. चेमानं गणवेश घालून जायला नकार दिला. "वर्दी दिसली की लोक थँक यू म्हणतात रे," तो म्हणाला, "आज नको." गाडीतून उतरताना एवढंच म्हणाला, "तू सांगितलं नाहीस ते बरं केलंस की वाईट, मला माहीत नाही. तू पण विचारू नकोस."

इलारिओ परत आला तेव्हा दोन्या जागी होती. खिडकीतून ऊन आलं होतं. वसुधाकाकू तिचे ओठ ओल्या कापसानं पुसत होत्या.

"चेमा ठाण्यावर पोचला का?"

"पोचला, दोन्या."

"त्याचा फोन येईल."

"येईल ना. नाहीतर रात्री आपणच लावू का?"

"नको," दोन्या म्हणाली. "पहाऱ्यावर असेल. लक्ष विचलित होईल त्याचं."

ती शुक्रवारपर्यंत होती. मध्ये दोनदा तिला चांगली शुद्ध आली, आणि दोन्ही वेळा चायोनं फोन पुढं केला. तिकडे तिहुआनात चेमा बाजारचा सदरा घालून बसूनच होता. दोन्ही वेळा दोन्यानं फोन हातानं दूर सारला, आणि पोराला कामात त्रास देऊ नका म्हणाली.