कपाट जिन्यात अडकलं

सकाळीच रेडिओवरच्या निर्मात्या बाईंचा फोन आला आणि चिऊचा चहा कपातच राहिला.

"नाटक छान जमलंय तुमचं," बाई म्हणाल्या, "पण शेवट पचत नाही. दोघं भाऊ एकदम गळ्यात पडतात काय, रडतात काय! तुम्हाला तरी खरं वाटतं का ते? दुपारी रेकॉर्डिंग आहे. येताना नवा शेवट घेऊन या."

चिऊ दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर काम करायची. चाळिशी ओलांडल्यावर तिनं पहिलंवहिलं नाटक लिहिलं आणि रेडिओनं ते चक्क घेतलं. वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, वडील गेल्यावर ते रिकामं करायला आलेले दोन भाऊ आणि त्यांच्यातला जुना अबोला, एवढीच गोष्ट. तिनं दवाखान्यात रजा कळवली, कागद पुढ्यात ओढला. ओळ लिहिली, खोडली. पुन्हा लिहिली, पुन्हा खोडली. डोकं ठप्प. शेवटी रडकुंडीला येऊन तिनं थोरल्या बहिणीला फोन लावला.

ताई पोहायला शिकवायची. तलावावरून तशीच आली, केस ओले, गळ्यात शिट्टी.

"मला लिहिण्यातलं ओ की ठो कळत नाही," तिनं खुर्ची ओढली. "पण आखडलेलं अंग बरोबर कळतं. तू एकदम खोल पाण्यात उडी मारतेयस. आधी हातपाय मोकळे कर. मी शिट्टी मारली की लिहायला लाग. पेन थांबता कामा नये."

"काय लिहू?"

"काहीही! सुचत नसेल तर सुचत नाही असं लिही."

शिट्टी वाजली. चिऊनं सहा ओळी नुसतं 'सुचत नाही' लिहिलं. सातव्या ओळीत ताईच्या शिट्टीला शिव्या घातल्या. आठव्या ओळीला तिचं तिलाच हसू फुटलं.

"आता खोलीचं वर्णन. पण 'आहे' आणि 'होतं' बंद! शाळेत आमच्या भाषेच्या बाई शिक्षा म्हणून द्यायच्या हे."

चिऊनं लिहून मोठ्यानं वाचलं, "टेबल खोली अडवून बसलंय."

शिट्टी! "बसलंय म्हणजे बसलं आहे. चोरून आत घुसवू नकोस."

"टेबलानं खोली बळकावली. पंखा कुरकुरतो. पडदा ताईला बघून अंग चोरतो."

"बघ! आली की गाडी रुळावर." ताई उठून उभीच राहिली. "आता तुझ्या त्या भावांना बोलायला नको लावूस. काम दे त्यांना. दुकान रिकामं करतात ना? मग जड काहीतरी उचलू दे."

"कपाट," चिऊ म्हणाली. "हत्यारांचं कपाट. जिन्यावरून खाली न्यायचं."

ताईची नजर दाराजवळच्या पुस्तकांच्या कपाटाकडे गेली. चिऊनं हात जोडले, पण ताईनं पुस्तकं काढायला सुरुवातही केली होती.

जिन्याच्या पहिल्याच वळणावर कपाट अडकलं. वर ताई, खाली चिऊ, मध्ये ते धूड. पुढे जाईना, मागे येईना.

"सोडू नकोस हं!" ताई ओरडली.

"मी कशी सोडेन? सगळं वजन माझ्याकडेच आलंय! तू वर उभी राहून नुसते हुकूम सोडतेस!"

"अगं, मला तुझं तोंड दिसत नाही इथून. बोललीस तरच कळणार ना!"

चिऊ कपाटाआडून किंचाळलीच.

"ताई! हेच! थोरला हेच म्हणणार! हात सोडता येत नाही, एकमेकांचं तोंड दिसत नाही, म्हणून तर बोलतील ते! पेन! कुणीतरी पेन आणा!"

आरडाओरडा ऐकून खालच्या मजल्यावरचे काका धावत वर आले होते. अर्ध्या गालावर दाढीचा साबण.

"कपाट उचलायला पेन कशाला?"

"लिहायला! काका, तुम्ही लिहून घ्या, माझे हात अडकलेत!"

काका बिचारे पेन आणि जुनं वर्तमानपत्र घेऊन आले आणि पायरीवर बसून कडेच्या कोऱ्या जागेत लिहू लागले. चिऊ धाकट्याची वाक्यं बोलायची, ताई थोरल्याची. एक वाक्य संपायच्या आत दुसरं तयार. वडिलांच्या आजारपणात कोण आलं, कोण नाही आलं, सगळं त्या कपाटावरून इकडून तिकडे जाऊ लागलं.

"म्हणून तुला माफ केलं, दादा," चिऊ म्हणाली.

काकांचं पेन थांबलं. "अहो, एवढ्यात नाही. माझा भाऊ असता तर मी आधी विचारलं असतं, फोन का नाही केलास?" साबण वाळून पांढरा झाला होता. काका कागदाकडेच बघत राहिले. "एवढंच विचारलं असतं."

मग चिऊ हळूच म्हणाली, "काका, तेच लिहा. शेवटचं वाक्य तेच."

तिघांनी मिळून कपाट कसंबसं मागे ओढून वरच्या पायरीवर टेकवलं. चिऊनं शेवट चांगल्या कागदावर उतरवला आणि दोघी बहिणी धावतपळत स्टुडिओत पोचल्या.

तिथे दोघा नटांनी वाक्यं नीट, स्वच्छ म्हटली. अगदी बातम्या दिल्यासारखी. एरवी चिऊ दवाखान्यात डॉक्टरांसमोरही आवाज चढवायची नाही. आज ती काचेआडून बाहेर आली.

"दम लागायला हवा तुम्हाला. ते बाकडं उचला. दोन्ही बाजूंनी. आणि खाली ठेवायचं नाही."

नटांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान डोलावली. लाल दिवा लागला. बाकड्याच्या वजनानं आवाज फाटले, शब्द तुटले, मध्येच कुणीतरी कण्हलं. "फोन का नाही केलास?" धाकट्यानं विचारलं, आणि थोरल्याचा नुसता श्वास ऐकू येत राहिला. रेकॉर्डिंग करणारा बटण बंद करायचंच विसरला.

बाईंनी कानांवरचे हेडफोन काढले. "हे असंच जाणार," त्या म्हणाल्या. "एक अक्षर बदलायचं नाही."

ताईनं बाहेरच्या व्हरांड्यात चिऊला कडकडून मिठी मारली. चिऊचं मात्र लक्षच नव्हतं. व्हरांड्याच्या टोकाला लिफ्टवाला आणि चहावाली कशावरून तरी हुज्जत घालत होते. तो लिफ्टचं दार सोडत नव्हता, ती किटली खाली ठेवत नव्हती.

"चल, आधी दोन घास खाऊन घे," ताई म्हणाली. "सकाळपासून उपाशी आहेस."

"श्श! थांब ना गं," चिऊ डोळे विस्फारून त्या दोघांकडे बघत म्हणाली. "ती काय म्हणतेय, ऐकू दे."