शेवटच्या वळणावरचा दगड

आमच्या देशात डोंगर कुणाच्याही मालकीचा नाही. हे कायद्यात लिहिलेलं आहे आणि आम्ही ते पाळण्यातच शिकतो. कुणीही कुठल्याही माळावरून चालावं, कुणाच्याही रानातल्या बेरी तोडून खाव्यात, तळ्याकाठी तंबू ठोकावा. राजाला जेवढा हक्क, तेवढाच नळ दुरुस्त करणाऱ्याला. निसर्गापुढे सगळे सारखे, या एका तत्त्वावर नॉर्वे उभा आहे.

फक्त वर जाणारा रस्ता हालवार नेस्बाक्केनचा आहे.

कागदोपत्री तो आम्हा तेवीस केबिनवाल्यांच्या रस्ता मंडळाचा आहे आणि हालवार नुसता अध्यक्ष आहे. पण तो एकोणीस वर्षं अध्यक्ष आहे, फाटकाची किल्ली त्याच्या खिशात असते, आणि त्याच्याकडे डिझेलचा एक जुना पिकअप आहे, ज्याच्या पोटाखालून मेंढी मान न वाकवता जाईल. असा माणूस रस्त्याकडे बघतो तेव्हा त्याला रस्ता दिसतो. मी बघतो तेव्हा मला दगड दिसतो.

दगड शेवटच्या वळणावर आहे, रस्त्याच्या बरोबर मधोमध. दर हिवाळ्यात जमीन गोठते आणि त्याला केसभर वर ढकलते. डावीकडे पाण्याचा चर, उजवीकडे उतार, त्यामुळे बगल द्यायची सोय नाही. चाक त्याच्यावर चढवावं तर दुसरं चाक चरात. दगडाची उंची सतरा सेंटिमीटर. माझ्या गाडीच्या पोटाखाली चौदा सेंटिमीटर मोकळी जागा आहे, आणि त्या पोटात बॅटरी आहे. पेट्रोलच्या गाडीला खालून दगड लागला तर आवाज होतो. माझ्या गाडीला लागला तर विमा कंपनीचं पत्र येतं.

सरकारने सांगितलं, वीजगाडी घ्या. मी घेतली. सरकारचं ऐकणारा मी एकटा नाही, आमच्या गल्लीत आता मोटारीचा आवाज ऐकायचा तर पाहुणे यावे लागतात. विक्रेत्याने मला समजावलं होतं की सेडान जितकी बुटकी, तितकी ती हवा चांगली कापते आणि तितकी लांब जाते. खरंच जाते. द्रामेन शहरातल्या आमच्या घरून निघाली की मधे कुठेही चार्जिंगला न थांबता थेट त्या दगडापर्यंत जाते.

मी एकटा असतो तर दगडापाशी गाडी लावून बूट चढवले असते. प्रश्न माझ्या सासऱ्यांचा होता. तोर्लाइव सत्त्याऐंशी वर्षांचे. वरची केबिन त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधली, तीन उन्हाळ्यांत. दोन वर्षांपूर्वी त्यांचा खुबा मोडला, तेव्हापासून चाकांचा, बसायला सीट असलेला वॉकर आला आणि वर जाणं थांबलं. येत्या ऑगस्टपासून त्यांना शुश्रूषागृहात जागा मिळाली होती, आणि तिथे गेलेला माणूस सहसा पुन्हा डोंगरावर येत नाही. त्याआधी एकदा वर जायचंय, असं ते म्हणाले होते. एकदाच म्हणाले, कॉफी ढवळताना, कपाकडे बघत. आमच्याकडे याला विनवणी म्हणतात.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी बजावलं होतं की चालायचं ते एका वेळी पन्नास मीटर, आणि तेही सपाट फरशीवर. म्हणजे गाडी दारापर्यंत गेलीच पाहिजे. मी फेब्रुवारीच्या वार्षिक सभेत ठराव मांडला की दगड काढावा.

तेवीस केबिन, सतरा जण हजर, दोन थर्मास कॉफी. मी उभा राहून तोर्लाइवांबद्दल बोललो, खुब्याबद्दल बोललो, बॅटरीबद्दलही जरा जास्तच बोललो. हालवारने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"रस्ता पन्नास वर्षं इथे आहे, आयविंद," तो म्हणाला. "गाडी तू गेल्या वर्षी आणलीस."

लोक हसले. मोठ्याने नाही, आमच्याकडे सभेत नाकातून हसतात. मग तो म्हणाला की तोर्लाइवला तो पिकअपमधून वर नेईल, त्यात काय मोठंसं. मी म्हणालो, प्रश्न तत्त्वाचा आहे. हे वाक्य कुणी उच्चारलं की सभा घड्याळाकडे बघू लागते. शेवटी चौदा विरुद्ध तीन मतांनी दगड समिती नेमली गेली: हालवार, मी आणि गुडवाइग नावाच्या निवृत्त दंतवैद्य बाई.

परतताना माझी बायको सुलफ्रीद म्हणाली, हालवारने नेलं असतं की.

"म्हणजे आयुष्यभर त्याचे उपकार घ्यायचे?"

"कुणाच्या आयुष्यभर? बाबांच्या की तुझ्या?"

मी रेडिओ लावला.

समितीच्या तीन बैठका झाल्या. वसंतात सुरुंग लावून दगड फोडावा तर त्याच सुमाराला माळावरचे पक्षी अंड्यांवर बसतात, याला गुडवाइगबाईंची हरकत. दोन्ही बाजूंना खडी टाकून रस्ता उचलावा तर पावसाचं पाणी गुडवाइगबाईंच्या संडासाकडे वळतं, यालाही गुडवाइगबाईंचीच हरकत. खाली गावात एकाकडे खोदाईचं यंत्र आहे, तो अर्ध्या तासात दगड उपटून देईल, असं मी सुचवलं. तेव्हा दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आजीचा वाढदिवस हॉटेलवाल्याच्या अंगावर टाकतो आहे. रस्त्याचं काम आम्ही श्रमदानाने करतो. पन्नास वर्षं करतो. बाहेरचा माणूस पैसे देऊन आणायचा तर मग शेजारी कशाला झालो?

अहवाल सहा पानी झाला. त्यात दगडाचे चार फोटो होते, प्रत्येकात शेजारी फूटपट्टी. शिफारस अशी होती की दगड लाल रंगाने रंगवावा, म्हणजे बुटक्या गाडीच्या चालकाला तो वेळीच दिसेल.

दगड मला दिसत नाही, अशी माझी तक्रार कधीच नव्हती. तो मला स्वप्नातही दिसतो. पण अहवाल एकमताने मंजूर झाला, कारण एकट्याने विरोध नोंदवणं म्हणजे आमच्याकडे टेबलावर उभं राहून ओरडण्यासारखं असतं. खाली तिसरी सही माझी आहे.

जूनच्या पहिल्या शनिवारी श्रमदान झालं. पंधरा माणसं दंताळी घेऊन आली आणि खडी एका खड्ड्यातून दुसऱ्या खड्ड्यात हलवली. समितीचा सदस्य म्हणून दगड रंगवायचं काम माझ्याकडे आलं. हालवारच्या केबिनच्या भिंतींचा उरलेला रंग होता, मी गुडघ्यांवर बसून दोन हात दिले. नंतर वाफल, तपकिरी चीज आणि सॉसेज झाले. सगळे म्हणाले, दगड छान दिसतोय. गुडवाइगबाईंनी फोटो काढला, त्यात मी ब्रश हातात धरून हसतो आहे. का हसतो आहे, ते मला आजतागायत सांगता येणार नाही.

तेवीस जूनला, सांक्तहान्सच्या म्हणजे भर उन्हाळ्यातल्या सणाच्या दिवशी दुपारी, आम्ही तोर्लाइवांना घेऊन निघालो. पुढच्या सीटवर ते, मागे सुलफ्रीद, डिकीत वॉकर, बटाटे, दोन दिवसांचं सामान आणि मी गुपचूप घेतलेल्या दोन फळ्या. सणासाठी उघड्या ठेवलेल्या फाटकापासून वर मी चालण्याच्या वेगाने गाडी चालवली. मधल्या गवताच्या पट्टीने गाडीचं पोट खरवडलं की मी ब्रेक दाबायचो. सासरे खिडकीतून एकेक झाड बघत होते आणि कुणाची केबिन कुणी बिघडवली ते सांगत होते.

दगड लालभडक उभा होता. मी फळ्या मांडल्या, चाकं फळ्यांवर आली तर गाडी उचलली जाईल असा हिशोब होता. तेवढ्यात हालवारचा पिकअप खालून आला. त्याने खिडकी खाली केली आणि फळ्यांकडे बघून म्हणाला की या पातळ आहेत. मी म्हणालो, मी विचारलेलं नाही. तो खाली उतरला. आमच्याकडे मदत मागायची नसते आणि मदत करणाऱ्याला थांबवायचंही नसतं, त्यामुळे असे प्रसंग लांबतात.

"वजन कमी कर," तो म्हणाला. "माणसं उतरव, बटाटे उतरव. गाडी दोन बोटं वर येईल."

त्याचं बरोबर होतं, हे जास्त वाईट. सुलफ्रीदने सामान उतरवलं, वॉकर उघडला, वडिलांना आधार देऊन बाहेर काढलं आणि दगडाच्या पलीकडे कडेला उभं केलं. मी गाडी पुढे घेतली. पुढची चाकं पार झाली. मग डावी फळी मोडली, गाडी खाली बसली, आणि बॅटरीच्या तबकाखालून असा आवाज आला की हालवारनेसुद्धा टोपी काढली.

गाडी दगडावर टेकली. पुढे जाईना, मागे येईना.

मग मी बोललो. एकोणीस वर्षांच्या अध्यक्षपदाबद्दल, फूटपट्टीबद्दल, लाल रंगाबद्दल, एका म्हाताऱ्या माणसाच्या एका साध्या इच्छेबद्दल, जी तेवीस कुटुंबांना मिळून पुरी करता येत नाही. आवाज चढला होता माझा. हालवार मान खाली घालून पिकअपचा दोर सोडवत होता. तो म्हणाला, अहवालावर सही तुझीही आहे. मी म्हणालो, ती एकमताची सही होती. तो म्हणाला, एकमताची वेगळी सही असते हे त्याला माहीत नव्हतं. सुलफ्रीद आमच्या मधे येऊन म्हणाली की जरा गप्प बसा दोघे, आणि बाबा कुठे आहेत?

बाबा कडेला नव्हते. वॉकरही नव्हता.

सुलफ्रीद धावली, मी धावलो, हालवार दोर टाकून धावला. वळणाच्या पुढे बर्चची झाडं संपतात तिथे केबिन दिसते. तोर्लाइव दारासमोरच्या पायरीवर बसले होते, शेजारी वॉकर, टोपी गुडघ्यावर. चेहरा लाल झाला होता, पण श्वास ठीक होता. सुलफ्रीदने त्यांच्यासमोर बसून विचारलं की खुबा दुखतोय का, आणि असं न सांगता कसा निघालास तू.

"मधे दोनदा बसलो वॉकरवर," ते म्हणाले. "तुमचं भांडण ऐकू येत होतं. किल्ली आण."

मी किल्ली आणायला गाडीकडे परत गेलो.

दगडाची उंची आमच्या समितीने तीनदा मोजली होती. दगडापासून दारापर्यंतचं अंतर मी दुसऱ्या दिवशी सकाळी मोजलं. ते एकशे चाळीस मीटर आहे.