आवाज बाईंचा

टेक १

सत्तावीस चित्रपटांत बाई नायिका होत्या आणि एकातही त्यांचा स्वतःचा आवाज नव्हता. पहिलाच निर्माता म्हणाला होता, "चेहरा ठेवू, आवाज बदलू." आवाज धाकट्या बहिणीचा घेतला. बाई सेटवर बोलायच्या, नंतर धाकटी पडद्याकडे बघत त्यांच्या ओठांवर आपले शब्द बसवायची.

चारचौघांत गेलं तर बोलावं लागणार. म्हणून शेवटच्या चित्रपटानंतर बाई घरात बसल्या, त्या तीस वर्षं. फोन धाकटी उचलायची. लोक म्हणायचे, बाई भेटत नाहीत, पण बोलतात किती गोड.

गेल्या वर्षी धाकटी गेली. फोन वाजतो आणि दमून गप्प बसतो.

टेक २

धाकटीच्या मुलीने साउंडवाल्याला घरी आणलं. बाईंचा शेवटचा चित्रपट दुरुस्त होत होता. एका वाक्याचा आवाज बुरशीने खाल्ला होता.

"तुम्हीच म्हटलंत तर प्रश्न मिटला," तो म्हणाला.

बाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. भाची मागोमाग.

"मावशी, आईने तुझ्यासाठी जन्मभर तोंड बंद ठेवलं."

"उघडं ठेवलं म्हण. बंद माझं होतं."

टेक ३

वाया. बाई खोकल्या.

टेक ४

लॅपटॉपवर तरुण बाई दारात उभ्या. खुर्चीतल्या बाई माईकमध्ये म्हणाल्या, "दार लावू नकोस, मी येतेय."

जाड, घोगरा, खर्जातला आवाज. ओठांवर मात्र चपखल बसला. ओठ त्यांचेच होते ना.

साउंडवाला सावरून घेत म्हणाला, "वयानं आवाज जरा बसलाय. लोक समजून घेतील."

बाईंना एवढं पुरलं असतं. नुसती मान डोलवायची होती. भाची रिकामा कप उगाच फिरवत राहिली.

"बसलेला नाही," बाई म्हणाल्या. "पहिल्यापासून असाच आहे. गोड आवाज माझ्या बहिणीचा. सगळ्या चित्रपटांत. सुरुवातीच्या पाट्यांमध्ये तिचं नाव घाला. माझ्या आधी."

साउंडवाल्याने हेडफोन काढले, पुन्हा घातले, पुन्हा काढले. "नाव... लिहून द्याल?"

भाचीने लिहून दिलं. ठळक अक्षरांत, दोनदा.

टेक १, पुन्हा

चित्रपट लागला त्या आठवड्यात फोन वाजला. बाईंनी उचलला.

"बाईंना द्या ना जरा."

"बोलतेय."

"अहो काका, चेष्टा नको. बाईंना द्या."

"बोलतेय," असं म्हणून बाईंनी पायाने खुर्ची ओढली आणि त्या ऐसपैस बसल्या.