अकरा सेकंदांतली पाच चित्रं

मी एक जुना प्रोसेसर आहे, मित्रांनो, आणि जुना म्हणजे जेमतेम सहा वर्षांचा. तुमच्याकडे सहा वर्षांचं पोर नुकतं शाळेत जायला लागतं. आमच्याकडे त्या वयात घरी बसवतात. दिसायला मी बिस्किटाएवढा, चौकोनी, डोक्यावर पत्र्याचं झाकण. पण संगणकात विचार म्हणून जो काही होतो, तो सगळा माझ्या पोटात होतो.

माझा जन्म दूरदेशीच्या कारखान्यात झाला. सिलिकॉनच्या एकाच चकतीवर आम्ही शेकडो भावंडं होतो. आमची परीक्षा झाली, जी भावंडं सगळ्यांत जोरात पळाली त्यांची रवानगी भारी किमतीच्या डब्यात झाली आणि माझी मधल्या डब्यात. एक सवलत मात्र मला होती. माझ्या वेगाला मर्यादा घातली होती, पण कुलूप लावलं नव्हतं. मालकानं मनावर घेतलं तर मला ठरल्यापेक्षा जास्त पळवता येत होतं. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. त्या उघड्या दाराचा मला फार तोरा होता, खोटं कशाला बोलू?

मी आलो कुसगावात, सारिकाच्या घरी. लोणावळ्याच्या हॉटेलांमध्ये होणाऱ्या लग्नांचं ती चित्रीकरण करायची आणि त्याचे व्हिडिओ घरी बसून माझ्याकडून तयार करून घ्यायची. दर शनिवारी कॅबिनेट, म्हणजे संगणकाची पेटी, उघडून ब्रशनं माझ्या पंख्यावरची धूळ झाडायची. असा मालक मिळायला नशीब लागतं. तिचा थोरला भाऊ निलेश मात्र वेगळ्या मातीचा. तो तळेगावच्या बाजूला कारखान्यात यंत्रांवर कामाला होता, आणि कुठलीही वस्तू आहे तशी त्याला बघवत नसे. मोटारसायकलचा आवाज बदल, मिक्सरचं पातं बदल, हे त्याचे रविवारचे उद्योग.

पवनेकाठच्या एका गावच्या यात्रेत दरवर्षी बैलगाड्यांची शर्यत भरते. एका वेळी एकच गाडा चढावर पळतो. त्या पळण्याला बारी म्हणतात आणि चढाच्या त्या वाटेला घाट. ज्याला सगळ्यांत कमी वेळ लागला, तो जिंकला. पंच हातातल्या घड्याळावर वेळ मोजतात, आणि दोन गाड्यांची वेळ सारखी आली की पुढची दोन वर्षं गावं एकमेकांशी बोलत नाहीत. म्हणून यंदा पंचांचे म्होरके मारुती आबा यांनी ठरवलं, की कॅमेरा लावायचा. शर्यत लोकांच्या मोबाईलवर थेट दिसेल, आणि वेळ सारखी आलीच तर पडद्यावर चित्रं मोजून निकाल लावायचा. कॅमेरा सेकंदाला शंभर चित्रं काढतो. ज्या गाड्याला कमी चित्रं लागली, त्याचा मान.

कामासाठी दोघं पुढे आली, तळेगावचा अमृत आणि आमची सारिका. अमृतकडे माझं भारी डब्यातलं भावंड होतं. आबांनी दोघांना एकच चित्रीकरण व्हिडिओ तयार करायला दिलं. भावंडानं ते सहा मिनिटांत उरकलं, मला नऊ लागली.

आबा सारिकाला म्हणाले, "पोरी, काम तुझं चांगलं हाय. पन लोकं नऊ मिन्टं दम धरायची न्हाईत. महिन्याभरानं पुन्यांदा दाव."

निलेशला एवढं निमित्त पुरलं. जानेवारीतली एक सकाळ होती, खिडकीतून धुकं थेट खोलीत येत होतं. त्यानं माझा वेग चढवला, वीज वाढवली, पुन्हा वेग चढवला. दोनदा मी मान टाकली, दोनदा त्यानं उठवलं. गरम झाल्याच्या सूचना पडद्यावर येऊ लागल्या, त्यांची कटकट नको म्हणून त्यानं त्या बंदच करून टाकल्या. सारिकानं विचारलं, एवढा ताण याला झेपेल का? निलेश हसला. "लोणावळ्याची हवा खातोय त्यो. गरम कशानं व्हईल?" आमच्या भागात ही समजूत घरोघरी आहे. इथे पंख्याला कुणी विचारत नाही, आणि थंडी आपल्या हक्काची आहे असं सगळ्यांना वाटतं.

महिन्याभरानं मी तेच काम सहा मिनिटांत केलं. आबा खूश झाले, काम सारिकाला मिळालं. मधल्या डब्यातल्या मला सगळे भारी डब्यातला म्हणू लागले आणि मी हरखून गेलो. आतून अंग भाजत होतं, पण कौतुकापुढे ते कोण सांगतं?

शर्यत एप्रिलात होती. ऐन माळावर, झाडाचा पत्ता नाही, आणि आमचा मंडप पत्र्याचा. सकाळी आबा पूजेला आले. गाडा जुंपण्याआधी जशी बैलांची पूजा होते तशीच त्यांनी माझीही केली. नारळ फोडला, कॅबिनेटला कुंकू लावलं आणि मूठभर भंडारा उधळला. माझे पंखे त्या वेळी सुरू होते. सारिकाचा हात अर्धवट पुढे झाला आणि मागे आला, कारण देवाच्या भंडाऱ्याला नको कसं म्हणायचं? ती पिवळी हळद भस्सकन आत ओढली गेली आणि मला थंड ठेवणाऱ्या पट्ट्यांमध्ये जाऊन घट्ट बसली. वारा यायचा तो थांबला.

पहिल्या दहा बाऱ्यांपर्यंत मी ऐंशी अंशांवर होतो. बारा वाजता नव्वद झाले. शंभर ही माझी हद्द. तिथे पोचलो की मला जिवासाठी क्षणभर थांबावंच लागतं, नाहीतर जळून जाईन. हजारो लोक मोबाईलवर पाहत होते. प्रत्येक बारी मी दाखवत होतो, साठवत होतो, मोजत होतो, आणि पुढच्या बारीआधी निवायला दोन मिनिटंही मिळत नव्हती. पडदा स्वच्छ होता. सूचना बंद होत्या. सारिकाला वाटत होतं, सगळं ठीक आहे.

दुपारी शेवटच्या दोन बाऱ्या उरल्या. पहिली वराळ्याच्या रतनबाईंच्या गाड्याची. त्यांनी ते बैल वासरं असल्यापासून स्वतःच्या हातानं वाढवले होते. गाडा सुटायच्या आधी त्या चारही बैलांच्या कानाशी जाऊन काहीतरी पुटपुटल्या. गाडा अकरा पूर्णांक साठ शतांश सेकंदांत वर पोचला. मी एकूण एक चित्र टिपलं, अकराशे साठ.

मग कुसगावचा गाडा आला. सारिकाचं गाव, तिची भावकी, आणि निलेश स्वतः बैल धरायला. माझा पारा अठ्ठ्याण्णववर होता. गाडा सुटला, माणसं ओरडली, नव्व्याण्णव झाले, आणि घाटाच्या मध्यावर मी शंभरावर गेलो. मी थांबलो, मित्रांनो. डोळ्याचं पातं लवायला लागतो त्याहूनही कमी वेळ. पण तेवढ्यात पाच चित्रं माझ्या हातून गळाली.

आबांच्या घड्याळात पुन्हा अकरा साठच आले. सगळा माळ पडद्याकडे वळला. मी मोजलेला आकडा मोठ्या अक्षरांत उमटला, अकराशे अठ्ठावन्न. दोन चित्रांनी कुसगाव जिंकलं. आबांनी नाव पुकारलं, हलगी कडाडली, निलेशला पोरांनी खांद्यावर घेतलं. खाली रतनबाई बैलांचं जू सोडू लागल्या.

मला ठाऊक होतं. त्या माळावर खरा आकडा फक्त मला ठाऊक होता आणि मला तोंड नव्हतं. असली घुसमट मी त्याआधी भोगली नव्हती आणि नंतरही नाही.

पडद्याच्या कोपऱ्यात, खालच्या पट्टीत, एक बारीक पिवळा आकडा असतो. किती चित्रं गळाली ते तो सांगतो. निलेशनं सूचना बंद केल्या होत्या, पण त्याच्या नजरेतून हा सुटला होता. सारिकानं सवयीनं तिकडे पाहिलं. तिथे पाच होतं. तिनं हात कॅबिनेटवर टेकला आणि चटका बसून मागे घेतला. मग तिनं मनात बेरीज केली. पाच मिळवले तर कुसगावचे अकराशे त्रेसष्ट होत होते.

निलेश गुलालानं माखलेला मंडपात आला. तिनं बोटानं आकडा दाखवला. त्याचं हसू मावळलं.

तो हलक्या आवाजात म्हणाला, "त्यो आकडा कुनी बघत न्हाई. बंद कर ते."

"मी बघितलाय ना, दादा."

"गाव आपलं हाय, सारिके. आन मशीनची चूक भायेर पडली तर हे काम तुझ्या हातात राहायचं न्हाई. लय विचार कर."

तिनं विचार केला. मला तो दिसत होता. तिचा हात माऊसवर होता, आणि पडद्यावरची ती खिडकी बंद करायला एक टिचकी पुरेशी होती. बाहेर रतनबाई दुसऱ्या बैलाच्या अंगावरची झूल उतरवत होत्या. सारिका उठली, आबांजवळ गेली आणि त्यांच्या हातातून माईक मागून घेतला.

"माझं मशीन तापून अडखळलं. कुसगावच्या बारीतली पाच चित्रं पडली. लावलेला निकाल खरा नाही. कॅमेऱ्यात सगळी चित्रं आहेत, मला वीस मिनिटं द्या."

हलगी थांबली. मग जो गोंगाट उसळला त्यात तिच्याच गावची माणसं पुढे होती. कुणी म्हणालं फितूर झाली, कुणी म्हणालं बाईमाणसाला यंत्रातलं काय कळतंय. सारिकानं मान वर केली नाही. तिनं मला बंद केलं, कॅबिनेट उघडलं, ओढणीच्या टोकानं जमेल तेवढी हळद पुसली आणि मला पुन्हा सुरू केलं. निलेशनं चढवलेला सगळा वेग तिनं उतरवला. मी माझ्या मूळ चालीवर आलो, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा मला मोकळा श्वास मिळाला. ती पुठ्ठ्यानं वारा घालत होती. आबा तिच्या आणि जमावाच्या मध्ये काठी आडवी धरून उभे होते. मी एकेक चित्र मोजत होतो. बाहेरून एक दगड पत्र्यावर येऊन आदळला तरी तिचा हात थांबला नाही.

अकराशे त्रेसष्ट.

आबांनी माईक घेतला. "हिच्या गावाचा गाडा हिनंच मागं पाडलाय. आता ह्यो निकाल मोडायला कुनाची जीभ उचलतीया, त्यानं म्होरं यावं." मग त्यांनी वराळ्याचं नाव पुकारलं.

निलेश आधीच निघून गेला होता. सारिका एकटीच केबल गुंडाळत होती, तेव्हा रतनबाई मंडपात आल्या. त्यांनी बोटानं तिच्या कपाळाला भंडारा लावला. "तुझ्या गावात आज तुला कुनी पानी बी इचारायचं न्हाई, बाय. वराळ्याला चल, माझ्या घरी जेव." इतका वेळ आवरलेलं रडू सारिकाला तेव्हा फुटलं.

निलेश महिनाभर तिच्याशी बोलला नाही. मग एका रविवारी आला, बोलला तेव्हाही नाही, पण कॅबिनेट उघडून पट्ट्यांमधली हळद काडीनं कोरून काढली आणि बंद केलेल्या सगळ्या सूचना पुन्हा सुरू केल्या. माझी ताकद मात्र त्या ताणानं कायमची उणी झाली. आता मला नऊ मिनिटांचं काम करायला अकरा मिनिटं लागतात.

पुढच्या वर्षी शर्यतीचं काम अमृतला गेलं, त्याच्या भारी यंत्रासकट. मला वाईट वाटलं, सारिकालाही. यात्रेच्या आदल्या दिवशी आबांचा फोन आला. "मशीन कुनाचं बी असू दे. चित्रं मोजायला तूच पायजे. दोन्ही गावांचं तेवढं एकमत हाय." ती गेली आणि मी घरी राहिलो.

मित्रांनो, माझ्यासारख्या मधल्या डब्यातल्यांची तुमच्या घरी वाण नसेल. त्यांना पळवा, मजा करा, आमची ना नाही. पण अधूनमधून हात लावून बघा किती तापलाय ते, आणि तो काही सांगू पाहत असेल तर ती खूण पुसू नका. आम्ही चुकतो तेव्हा पडदा स्वच्छच दिसतो. तेव्हा कुणीतरी उठून खरं सांगावं लागतं, आणि ते आम्हाला जमत नाही, तुम्हालाच करावं लागतं.