पलंग पोहोचला

सुनंदाबाई धुळ्याला देवपुरातल्या आपल्या घरी मोरीत पाय घसरून पडल्या, तेव्हा त्यांची एकुलती एक लेक हेमांगी जळगावला मेहरूणच्या नव्या फ्लॅटमध्ये पडद्यांसाठी खिडक्यांची मापं घेत होती. फोन शेजारच्या यशोदाबाईंचा होता.

"पोरी, घाबरू नको. पन लगेच ये. तुन्ही माय पडनी."

हेमांगी घाबरली ती तिथूनच. एरंडोल, पारोळा कधी मागे पडलं तिला कळलं नाही. धुळ्याच्या दवाखान्यात पोचली तेव्हा सुनंदाबाई डोळे मिटून पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. आणि सगळ्यांत वाईट गोष्ट यशोदाबाईंनी तिला बाहेर नेऊन हळूच सांगितली. सुनंदाबाई मोरीत बराच वेळ तशाच पडून होत्या. सकाळी झाडताना ओट्यावरून हाक मारली, ओ आली नाही, म्हणून यशोदाबाई आत डोकावल्या.

"म्हणजे किती वेळ, अक्का?"

"ते तीच सांगत नाही," यशोदाबाई म्हणाल्या.

त्या क्षणापासून हेमांगीच्या डोळ्यांपुढून ती मोरी हलेना. तिनं तिथंच ठरवलं, आता मायला एकटं ठेवायचं नाही. दवाखान्यातून सरळ जळगावला न्यायचं.

डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली आणि पुढचंही समजावलं. घरी गेल्यावर जमिनीवर बसायचं नाही, खाली गादी टाकून झोपायचं नाही, बुटका पलंग चालायचा नाही. काठावर बसलं की पाय जमिनीला टेकले पाहिजेत, पण गुडघे कमरेच्या वर जाता कामा नयेत. "जोर पडला तर बसवलेला सांधा निखळू शकतो," ते म्हणाले. हेमांगीनं मान हलवली. मेहरूणच्या घरात पलंगच नव्हता.

तिचा नवरा हितेंद्र दीपनगरच्या वीज केंद्रात होता. इतकी वर्षं वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये काढून नुकतंच ते दोघं स्वतःच्या फ्लॅटमध्ये आले होते. क्वार्टरमधलं जुनं लोखंडी सामान तिथंच देऊन टाकलं होतं. फर्निचर सावकाश, मनासारखं घेऊ, असं ठरलं होतं. सध्या फरशीवर दोन गाद्या होत्या, बस.

हितेंद्रनं जळगावची दुकानं पालथी घातली. जिथं जावं तिथं खाली खण असलेले बुटके बॉक्सबेड. "आता हेच चालतं, साहेब," प्रत्येक दुकानदार सांगायचा. एका ठिकाणी हवा तसा उंच पलंग दिसला, पण त्याची किंमत ऐकून तो पायऱ्या उतरला. ओळखीचा सुतार लग्नसराईच्या ऑर्डरींत बुडालेला. महिनाभर तरी हात लागणार नाही म्हणाला.

मग दवाखान्याच्या बाकावर बसून हेमांगीनं मोबाइलवर शोधायला घेतलं. पलंगांना तोटा नव्हता. फोटोत सगळेच सुंदर, सगळ्यांच्या शेजारी एक कुंडी आणि खिडकीतून ऊन. ती फोटो सोडून लोकांनी लिहिलेलं वाचू लागली आणि तिची काळजी वाढत गेली. एका बाईनं पलंगाच्या तडकलेल्या पायाचा फोटो टाकला होता. दुसऱ्या कुणी लिहिलं होतं, शिसवी म्हणून पाठवलं आणि आत भुसा निघाला. तिसऱ्याचा पलंग आलाच नव्हता. दवाखान्यातल्या मायच्या खाटेची उंची तिनं वितीनं मोजली, भिंतीला लावून खूण केली, आणि त्या उंचीचा, अस्सल लाकडाचा, घरी येऊन जोडून देणारा पलंग शोधत राहिली. शेवटी एक सापडला. किंमत दुकानापेक्षा बरीच कमी होती, आणि तेवढ्यामुळेच तिला भीती वाटली.

"डोळ्यांनी न बघता लाकूड कुणी घेतं का?" हितेंद्र फोनवर म्हणाला. "टरबूजसुद्धा आपण टिचकी मारून घेतो."

"मग तुम्ही आणा टिचकी मारून."

तो हसला. मग म्हणाला, "मागव. मायला कुठं झोपवणार नाहीतर?"

तेवढ्यात नर्सनं ऑपरेशनच्या कागदावर सहीसाठी हाक मारली. हेमांगीनं उभ्या उभ्या दोन-चार ठिकाणी बोट दाबलं, पैसे भरले आणि धावत आत गेली.

ऑपरेशन नीट झालं. पण सुनंदाबाई तिच्याकडं यायला तयार नव्हत्या. जळगावचं नाव काढलं की त्या भिंतीकडं तोंड करत.

"जावयाच्या घरी जाऊन पडू का मी?"

"माझं पण घर आहे ते, माय."

"हो गं. तुझंच आहे." एवढंच म्हणायच्या.

शेवटी डॉक्टरांनी दटावल्यावर त्यांनी 'बरं' म्हटलं. ते 'बरं' इतकं हलकं होतं की हेमांगीला वाटलं, पलंग यायला एक दिवस उशीर झाला तरी ते मोडेल.

आता तिचं सगळं लक्ष मोबाइलकडं. माल राजस्थानातून निघाला. मग दोन दिवस काहीच नाही. ती मायच्या तोंडात पेज घालत असायची आणि दुसऱ्या हातानं मोबाइल चाळत असायची. त्या कंपनीचं नाव लिहून पुढं 'फसवणूक' असं शोधून बघायची. मग एका दुपारी निरोप आला, माल धुळ्याला पोचला. तिचा जीव भांड्यात पडला. धुळ्याहून जळगाव म्हणजे काय, दोन-अडीच तास. तिनं हितेंद्रला रजा टाकून घरीच थांबायला सांगितलं. "बेल वाजली तर न्हाणीतून पण बाहेर या," ती म्हणाली.

दोन दिवसांनी सुनंदाबाईंना घरी सोडणार होते. त्याच्या आदल्या दुपारी मोबाइल वाजला. 'तुमचा पलंग पोहोचला आहे. खरेदीबद्दल आभार.'

हेमांगीनं लगेच फोन लावला. "आला ना? कसा आहे? पाय बघा आधी, पाय."

"कुणाचे पाय? इथं काही आलं नाही," हितेंद्र म्हणाला.

"असं कसं? पोचला म्हणून आलंय."

"मी दार उघडं टाकून बसलोय सकाळपासून. खाली वॉचमनला पण विचारलं. कुणी आलं नाही, हेमा."

तिनं कंपनीला फोन लावला. बराच वेळ गाणं वाजलं, मग एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे पोहोचला असं दिसतंय."

"दिसत असेल. पण आलेला नाही. माझ्या आईचं ऑपरेशन झालंय, तिला उद्या घरी न्यायचंय. तुम्ही कुणाच्या घरात टाकून आलात?"

"मॅडम, ओटीपी दिलेला आहे. माणसांनी जोडून दिल्याचा फोटोही आहे. सामान यशोदाबाई यांनी घेतलं."

हेमांगी बाकावर बसली.

गेल्या उन्हाळ्यात तिनं याच मोबाइलवरून मायसाठी कूलर मागवला होता. पत्ता देवपूरचा, फोन नंबर मायचा. तोच तिथं राहिला होता, आणि सहीच्या घाईत तिनं तो न बघता पुढं ढकलला होता. मायचा फोन ती पडल्या दिवसापासून यशोदाबाईंकडं होता. धुळ्याला पोचलेला माल पुढं जायचाच नव्हता.

रिक्षा करून ती देवपुरात गेली. यशोदाबाई ओट्यावर उभ्याच होत्या, चेहरा फुललेला.

"ये माय, ये! तुन्ही मायना पलंग उना. बठ्ठा जोडीसन दिधा त्यास्नी!"

पुढच्या खोलीत, एरवी मायची बाज असायची त्याच जागी, खिडकीला लागून पलंग उभा होता. बाज यशोदाबाईंनी मागच्या भिंतीला लावून ठेवली होती. हेमांगीनं गुडघ्यावर बसून एकेक पाय हलवून पाहिला. मधल्या फळ्या दाबल्या. खालून नख मारून लाकूड बघितलं. कशातच खोट नव्हती. काठावर बसली तर पाय बरोबर टेकले. आणि तिला रडू आलं.

"काय झालं? आवडला नाही का?" यशोदाबाई गोंधळल्या.

"चुकून आला अक्का इथं. जळगावला जायचा होता."

यशोदाबाईंचा चेहरा उतरला. "मला वाटलं, तू आईसाठी पाठवला."

कंपनीनं सांगितलं, जोडलेला माल परत न्यायला आठ-दहा दिवस लागतील. हितेंद्र म्हणाला, टेम्पो पाठवतो, सकाळी कुणाकडून तरी खोलून घे, दुपारपर्यंत इथं पोचेल. "पण खोलताना लाकडाला चीर गेली तर? इथं नीट जोडलाच नाही गेला तर?" ती म्हणाली. तरी टेम्पो ठरला. हेमांगीनं यशोदाबाईंना बजावलं, मायला यातलं काही बोलू नका.

पण संध्याकाळी यशोदाबाई भाकरी आणि मुगाची डाळ घेऊन दवाखान्यात आल्या, आणि त्यांना राहवलं नाही.

"सुनंदे, पलंग एकदम भारी शे. खिडकीपाशी मांडीसन दिधा."

"कोणाच्या खिडकीपाशी?"

"तुन्हा घरमा."

सुनंदाबाईंनी लेकीकडं पाहिलं. हेमांगीला सगळं सांगावं लागलं. ऐकता ऐकता त्या उशीला टेकून थोड्या वर सरकल्या. पडल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला.

"मग झालं तर. मी आपल्या घरी जाते."

"माय, तो उद्या टेम्पोनं—"

"टेम्पोला नाही म्हण."

"तू त्या मोरीत किती वेळ पडून होतीस ते मला अजून सांगितलं नाहीस!" हेमांगीचा आवाज चढला. शेजारच्या खाटेवरची बाई बघू लागली. "मला डोळ्याला डोळा लागत नाही. मी तिकडं, तू इकडं, आणि परत पडलीस तर?"

सुनंदाबाईंनी अंगावरची चादर नीट केली.

"उजाडायच्या आधी पडले होते," मग त्या म्हणाल्या. "ओरडले, पण आवाज निघत नव्हता. मला काय वाटत होतं सांगू? मरायची भीती नव्हती वाटत. वाटत होतं, आता हेमी मला उचलून नेईल. तुझं नवं घर, आणि मी त्यात पहिल्यांदा येणार ती चौघांनी उचलून. तुझ्या घरात मी कधी आजारपण म्हणून शिरू नये, एवढीच माझी इच्छा होती गं. चालत यायचं होतं मला."

यशोदाबाईंनी पदर तोंडाला लावला. इतके दिवस हेमांगी मायच्या पडण्याला भीत होती आणि माय तिच्या घराला भीत होती.

"मग मी देवपूरला येऊन राहते," ती शेवटी म्हणाली. "तू वॉकरशिवाय चालेपर्यंत. पण मोरीत खरबरीत फरशी बसवायची, भिंतीला धरायला दांडा लावायचा, आणि दाराला आतून कडी लावायची नाही. कबूल?"

"कडी लावली नव्हती म्हणून तर यशोदा आत आली."

"माय, कबूल का?"

"कबूल."

टेम्पोला नाही म्हणून सांगितलं. हितेंद्र आधी चिडला, मग म्हणाला, "मी आणि फरशीवरची ती गादी, आमचं जमेल. तू रहा."

दुसऱ्या दिवशी रुग्णवाहिकेतून सुनंदाबाईंना देवपूरला आणलं. त्यांना पलंगावर बसवायच्या आधी हेमांगी स्वतः त्यावर धपकन बसली, दोनदा, तीनदा. एकदा कुठंतरी 'कर्र' वाजलं. तिनं वाकून सगळे नट पुन्हा आवळले. मग मायला दोन्ही बाजूंनी धरून हळूहळू टेकवलं. पाय जमिनीला लागले, गुडघे खाली राहिले. सुनंदाबाईंनी लाकडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आता जरा खिडकी उघड."

हेमांगी शाळेत शिकवत होती. तिनं रजा काढली, ती संपली तेव्हा बिनपगारी काढली. वॉकर जमिनीवर टेकल्याचा आवाज थांबला की ती हातातलं टाकून धावायची. एकदा सुनंदाबाई नुसत्या वाऱ्याला थांबल्या होत्या आणि हेमांगीनं कढईतली फोडणी जाळली. "तू मला चालू देशील तर मी चालेन," त्या म्हणाल्या. पुढं वॉकर सुटला, काठी आली. बिनपगारी रजाही संपल्यावर हेमांगीला जावं लागलं. रात्री सोबतीला गल्लीतल्या बेबाबाई येऊन झोपू लागल्या, दिवसा यशोदाबाई होत्याच. हेमांगी मधल्या सुट्टीत फोन करायची. मायनं तिसऱ्या घंटेला उचलला नाही की तिला मोरी दिसायची.

भीती काही गेली नाही. पण ती घेऊन शिकवायला, स्वयंपाक करायला ती शिकली.

थंडीत एका रविवारी सुनंदाबाई यशोदाबाईंना बरोबर घेऊन जळगावला आल्या. हितेंद्र गाडी घेऊन बसस्टँडवर गेला होता. हेमांगी जिन्यात उभी होती, हात पुढं करावा की नाही या विचारात. लिफ्टमधून सुनंदाबाई काठी टेकत बाहेर आल्या, उंबऱ्याशी थांबल्या, चप्पल काढली आणि कुणाचा हात न धरता आत पाऊल टाकलं. सगळ्या खोल्या त्यांनी हिंडून पाहिल्या. स्वयंपाकघराच्या ओट्यावर हात ठेवून म्हणाल्या, "चांगलं घर आहे गं हेमे." मग खुर्चीत टेकल्या आणि जावयाकडं वळून म्हणाल्या, "जवाईबापू, चार दिवस राहू का?"

"चार कशाला, महिनाभर रहा," हितेंद्र म्हणाला.

"नको. चारच."

हेमांगी चहा टाकायला आत गेली. भांडं गॅसवर ठेवून तिनं चौघांचं पाणी मोजून ओतलं.