अक्काच्या मनगटावर माझा पट्टा

या, असे जवळ सरका. मागच्यांनीही पुढं या, जागा आहे. आज एका मूर्खाची गोष्ट सांगणार आहे. मूर्ख शोधायला लांब जायला नको, तो तुमच्यासमोरच मांडी घालून बसलाय.

मी घड्याळं दुरुस्त करतो. चाळीस वर्षं एका डोळ्याला भिंग लावून एकाच खुर्चीत बसलोय. त्यामुळे जगाकडे मी एकाच डोळ्यानं बघतो, असं माझी भाची म्हणते. माझा एक नेम आहे. घड्याळ हातात आलं की उघडण्याआधी त्याला दोऱ्यानं चिठ्ठी बांधायची. मालक कोण, तक्रार काय. चाळीस वर्षांत एकाचं घड्याळ दुसऱ्याच्या मनगटावर गेलं नाही. हे मी गिऱ्हाइकांना सांगितलंय, शेजाऱ्यांना सांगितलंय, आणि एकदा दात काढून घेता घेता दातांच्या डॉक्टरलाही सांगितलंय. कीर्तनात अहंकारावर निरूपण सुरू झालं की सगळ्यांत जोरात मान माझी डोलते. डोलता डोलता हे कुणाकुणाला लागू पडतं याची मी मनात यादी करतो. त्या यादीत माझं नाव कधी आलं नव्हतं.

तर एका रविवारी भाचीनं मला आणि अक्काला थीम पार्कात नेलं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, भाचीची आई. दोन वर्षं तिचं विसरणं वाढत चाललं होतं. चहा घेतलेला विसरायची, आणि कधी कधी पोटच्या पोरीचं नावही. पण एक गोष्ट मात्र तिच्या डोक्यात पक्की बसली होती. आम्ही लहान असताना गावाबाहेरच्या मैदानात लाकडी घोड्यांचं चक्र आलं होतं. पैसे एकाच्याच तिकिटाचे होते. अक्कानं मला घोड्यावर बसवलं आणि माझ्या चपला छातीशी धरून ती खाली उभी राहिली. “मी नंतर बसेन,” म्हणाली. ते नंतर काही आलं नाही. या पार्कात तसेच लाकडी घोडे आहेत हे कळल्यापासून तिचं एकच चाललं होतं, “घोडा कुठाय?”

दारातल्या मुलीनं आमचे फोटो काढले आणि प्रत्येकाच्या मनगटावर एकेक निळा रबरी पट्टा बसवला. तिकीट नको, रांग नको. पट्टा टेकवला की सामानाचं कपाट उघडतं, झुल्याचं फाटक उघडतं. आणि माणूस चुकलं तर पट्ट्यावरून सापडतं.

“म्हणजे गुरांच्या कानातला बिल्लाच,” मी म्हणालो.

“मामा, सुरू झालात?” भाची म्हणाली. “आईसाठीच हे पार्क निवडलंय मी. ती कुठं गेली तर निदान कळेल तरी.”

“माणसानं माणसाचा हात धरावा. यंत्राचा कसला भरवसा?”

मागच्या रांगेतले एक गृहस्थ ऐकत होते, त्यामुळे मला चेव आला. माणूस आपल्याच करणीचा कसा दास होतो यावर मी चांगलं पाच मिनिटं निरूपण केलं. ते गृहस्थ शेजारच्या रांगेत गेले.

भाचीनं त्या मुलीला सांगून ठेवलं की आईच्या पट्ट्यावर कुठल्याच झुल्याचं, घोड्यांचंही, फाटक उघडायला नको. “आई, चक्कर येऊन पडशील. घोडे आपण लांबून बघू.”

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या पट्ट्याकडे पाहिलं.

आत गेल्यावर भाची म्हणाली, “मी पाणी आणते. दहा मिनिटं. मामा, आईचा हात सोडायचा नाही.”

“अगं, हे मला सांगतेस?”

बाकावर बसल्यावर अक्का मनगट चोळू लागली. पट्टा तिला काचत होता. “टिकटिक्या, हे काढ रे,” ती म्हणाली. मला त्या नावानं हाक मारणारं जगात एकच माणूस उरलं होतं. दारातल्या मुलीनं ‘काढू नका’ असं तीनदा बजावलं होतं. पण पट्ट्याची खिटी इतकी गबाळी होती की माझ्यातल्या कारागिराला राहवेना. चिमटा आणि बारका स्क्रूड्रायव्हर माझ्या खिशात असतोच. तिचा पट्टा काढला. खिटी नीट कशी बसते ते बघायला स्वतःचाही काढला. दोन्ही रुमालावर ठेवले. तिच्या खिटीची धार घासली, आणि हात घातलाच आहे तर म्हणून माझ्याही खिटीची घासली. मग दोन्ही पट्टे पुन्हा बसवले. काम असं सुबक झालं की दाखवायला कुणी नाही याचं वाईट वाटलं. म्हणून उठून चार पावलांवरच्या सफाईवाल्या काकांना गाठलं आणि त्यांना ती खिटी समजावून सांगितली. चाळीस वर्षांतली चिठ्ठीची गोष्टही सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या पायाखालून झाडून घेतलं.

वळून पाहतो तर बाक रिकामा.

पुढचं काय सांगू? मी ‘अक्का, अक्का’ ओरडत धावलो. भाची पाण्याच्या बाटल्या घेऊन आली, तिनं माझं तोंड पाहिलं आणि बाटल्या तिथंच टाकल्या. बाकासमोरच्या तलावाच्या कठड्याला कमरेइतकीसुद्धा उंची नव्हती. तो मला तेव्हाच दिसला.

कंट्रोल रूममध्ये एक तरुण स्क्रीनसमोर बसला होता. त्यानं अक्काचं नाव घातलं. “सापडल्या बाई.”

“कुठं?” आम्ही दोघं एकदम ओरडलो.

“इथंच. या खोलीत.”

आम्ही दाराआड पाहिलं. भाचीनं तर टेबलाखालीही पाहिलं.

“अगदी काउंटरला टेकून उभ्या आहेत,” तो म्हणाला आणि त्यानं हळूच माझ्याकडे बोट केलं.

भाचीनं माझा हात धरून यंत्रावर टेकवला. स्क्रीनवर अक्काचा फोटो आला. त्याखाली लिहिलं होतं, ‘एकटं सोडू नये.’ यंत्राचा भरवसा नाही म्हणत होतो ना मी? माझ्याबद्दल इतकं खरं आजवर कुणी लिहिलं नव्हतं.

“मामा, पट्टे काढले होते?”

“जरासे सैल केले.”

“आणि चिठ्ठी? चिठ्ठी बांधली होती?”

मी पट्टा बाहीखाली सरकवला.

तरुणानं मग माझं नाव घातलं. “हां. आजोबा लाकडी घोड्यांवर आहेत.” तो जरा थांबला. “सलग पाचव्यांदा.”

आम्ही पोचलो तेव्हा चक्र नुकतंच थांबत होतं. पांढऱ्या घोड्यावर अक्का ताठ बसली होती, दोन्ही हातांनी दांडा धरून. चपला पायांतून निसटायला आल्या होत्या. तिच्या पट्ट्यावर ते फाटक उघडलंच नसतं. माझ्या पट्ट्यावर उघडलं होतं. भाचीनं रडतच हाक मारली, “आई, उतर खाली!”

अक्कानं तिच्याकडे ओळख नसल्यासारखं पाहिलं. मग मला पाहून हसली. पाय झटकून तिनं चपला माझ्यासमोर टाकल्या.

“टिकटिक्या, चपला धर. आता माझी पाळी आहे.”

मी चपला उचलल्या. भाची मला काहीतरी बोलणार होती, बोलायलाच हवं होतं. पण तिनं डोळे पुसले, फाटकाला आपला पट्टा टेकवला आणि आईच्या शेजारच्या घोड्यावर जाऊन बसली. एक हात तिनं आईच्या पाठीमागे धरला. चक्र फिरू लागलं. दर फेरीला अक्का समोर आली की मी चपला जरा वर करून दाखवत होतो, आणि दर फेरीला ती नव्यानं खूश होत होती.

हे सगळं गेल्या वर्षीचं. आता अक्का मला ओळखत नाही. मला बघून विचारते, “अहो, माझं घड्याळ झालं का?” मी म्हणतो, “उद्या नक्की.” तिनं जन्मात कधी घड्याळ वापरलेलं नाही.

बाहेर पडताना पट्टे परत करायचे असतात. त्यातला अक्काच्या मनगटावरचा मी हातापाया पडून मागून आणला. तो दुकानाच्या खणात आहे, दोऱ्यानं चिठ्ठी बांधून. मालक: अक्का. तक्रार: काही नाही.

तुम्हाला एकच मागणं आहे. माझी चूक विसरलात तरी चालेल, ती भाची दर आठवड्याला आठवण करून देतेच. पण कुठं लाकडी घोडे फिरताना दिसले, तर घटकाभर थांबा आणि माझ्या अक्काला आठवा. तिला स्वतःला आता ते जमत नाही. तेवढं तिच्या वतीनं तुम्ही करा.