पाटी माझ्याच गळ्यात

परदेशातल्या नोकरीवरून मला पहिला महिना भरायच्या आत घरी पाठवलं, हे खरं आहे. आमची नणंद भेटेल त्याला सांगते, "वहिनीच्या जिभेला हाड नाही, दुसरं काय होणार?" सांगू दे. जिभेमुळेच नोकरी गेली, यात तिचं काही चुकलेलं नाही. पण नेमकं काय झालं ते एकदा नीट सांगून टाकते, म्हणजे माझ्या डोक्यातला जाळ थोडा तरी कमी होईल.

आयुष्यभर मी लहान मुलांना इंग्रजी शिकवलं. मुलगा मार्गी लागला, ह्यांची निवृत्ती जवळ आली, तेव्हा म्हटलं, आता जरा बाहेरचं जग बघू. तिथल्या एका शाळेला इंग्रजीची बाई हवी होती. कॅमेऱ्यासमोर मुलाखत झाली, मोठ्या बाई गोड गोड हसल्या, आणि ठरलं. पहिला महिना परीक्षेचा, पटलं तर पुढे वर्षभर. विमानतळावर बॅग हातात देताना हे म्हणाले, "सगळं घेतलंस. आता तोंड तेवढं सांभाळ."

"मी काय तिकडे भांडायला चाललेय?" मी म्हटलं.

शाळा दिसायला झकास होती. लख्ख फरशी, टेबलांचे गोल केलेले कोपरे, खिडकीच्या रुंद कट्ट्यावर कुंड्या. मला सात वर्षांच्या मुलांचा वर्ग दिला होता. पहिल्या दिवशी मोठ्या बाई मला वर्ग दाखवायला घेऊन गेल्या, तेव्हा पुढच्या टेबलावरच्या एका मुलाच्या गळ्यात पिवळ्या पुठ्ठ्याची पाटी लटकत होती. पाटीवर ओठ काढले होते आणि ओठांवर लाल फुली.

"हा काय प्रकार?" मी विचारलं.

"खेळ आहे हो," त्या इंग्रजीत, अगदी मऊ आवाजात म्हणाल्या. "वर्गात इंग्रजी सोडून दुसरी भाषा बोललं की पाटी गळ्यात. मग त्याने कान टवकारून बसायचं. दुसरं कोणी चुकलं की 'युअर टर्न' म्हणायचं आणि पाटी त्याच्या गळ्यात घालायची. शेवटी जो सर्वांत नंतर बोलला, पाटी त्याची. शाळा सुटताना ज्याच्याकडे असेल, तो फाटकापाशी उभा राहतो. मुलांना मजा येते."

कसली मजा? फाटकापाशी सगळ्यांचे आईबाप येतात. त्यांच्यासमोर ते पोर गळ्यात फुली घालून उभं राहणार, आणि बाकीची पोरं कोणाच्या तोंडून घरचा शब्द निसटतो म्हणून एकमेकांवर पहारा ठेवणार. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पहिला दिवस होता, ह्यांचे शब्द कानात होते. मूग गिळून गप्प बसले.

शेवटच्या टेबलावर एक मुलगी बसायची. ताठ, हात मांडीवर, नजर समोर. लाकडी ठकी मांडून ठेवावी तशी. मी मनातल्या मनात तिला ठकीच म्हणायला लागले. मी येण्याच्या थोडं आधी ती शाळेत आली होती. पहिल्या दिवशी आईसाठी रडली. आता रडताना माणूस कुठल्या भाषेत रडणार? आपल्याच. तिच्या गळ्यात पाटी आली, आणि संध्याकाळी न्यायला आलेल्या आईने तिला फाटकापाशी तशीच उभी पाहिली. तेव्हापासून ठकी शाळेत बोलली नव्हती. इंग्रजीत नाही, तिच्या भाषेत नाही. शू लागली तरी सांगायची नाही, पाय आवळून बसायची. मी तिच्या शेजारी बसून चित्रं दाखवली, गाणी म्हटली, बाहुल्या नाचवल्या. पोर हू की चू करेना. मला नोकरीची काळजी होतीच, पण त्याहून मोठा घोर या पोरीचा लागला. सात वर्षांचं लेकरू बोलणं सोडून देतं म्हणजे काय!

मी मोठ्या बाईंकडे गेले. म्हटलं, "ती मुलगी तोंडातून ब्र काढत नाही."

त्यांनी मान डोलावली. "बघा ना! आता तिच्या तोंडून घरची भाषा अजिबात येत नाही. किती प्रगती आहे."

प्रगती! मी त्यांच्या खोलीतून बाहेर आले ती थेट बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि मराठीत जे काही आठवलं ते सगळं बोलून घेतलं.

मग तो खिडकीचा प्रसंग झाला. मी फळ्यावर प्राण्यांची चित्रं काढत होते. मागे वळले तर ठकी खिडकीच्या कट्ट्यावर चढलेली. तिचं चित्र वाऱ्याने उडून वरच्या गजात अडकलं होतं आणि मागायला तोंड उघडायचं नव्हतं, म्हणून बाईसाहेब स्वतःच काढायला निघाल्या होत्या. पायाखालची कुंडी कलंडली.

"अगं ए, पडशील ना! थांब, थांब, आले मी!"

धावत जाऊन तिला कवेत धरलं. कुंडी फुटली, माती सगळीकडे झाली, पण पोर सुखरूप होती. "लागलं का गं? काही नाही झालं, हं. काही नाही," मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. ज्या मुलीच्या गळ्यात त्या दिवशी पाटी होती, ती हळूच उठली, माझ्यासमोर आली आणि घाबरत घाबरत म्हणाली, "युअर टर्न, मिस."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की मी मराठीत बोलत होते.

हसण्यावारी नेता आलं असतं. पण ती दोन्ही हातांनी पाटी धरून उभी होती, आणि माझ्या मिठीतली ठकी मान वर करून मला बघत होती. मी वाकले. पाटी गळ्यात घातली. सगळ्या वर्गाने एकदम श्वास सोडला.

थोड्या वेळाने एका मुलाच्या तोंडून घरचा शब्द निसटला. त्याने दोन्ही हात तोंडावर दाबले. बाकीचे माझ्याकडे बघायला लागले, आता बाई पाटी काढणार म्हणून. मी जागची हलले नाही. "चालू द्या तुमचं," मराठीतच म्हटलं. म्हणजे सर्वांत शेवटी बोलले मीच, आणि पाटीही माझीच. वर्गात पाटी एकच होती. ती माझ्या गळ्यात आहे तोवर दुसऱ्या कोणाच्या गळ्यात जायची नाही. एवढी साधी गोष्ट माझ्या टाळक्यात इतके दिवस आली नव्हती!

त्या दिवसापासून मी पाटी गळ्यातून काढलीच नाही. वर्गात कोणी घरचा शब्द बोललं की मी मागोमाग मराठीत काहीतरी बोलायची. मुलांना कळायचं नाही, पण खुसुखुसु हसायची. शाळा सुटली की मीच फाटकापाशी उभी राहायची. पहारे संपले तशी मुलं धीट झाली. आपल्या भाषेत एकमेकांना समजावायची, मग मला मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारायची. आणि ठकी एकदा शेजारणीच्या कानाशी लागली. काय म्हणाली देव जाणे. मला तेवढंही सणासारखं वाटलं.

फोनवर ह्यांना पाटी दिसली. "हे काय, बसचा पास?"

"मराठी बोलल्याबद्दल मिळालीय."

हे आधी खो खो हसले, मग गंभीर झाले. "मिळालीच आहे तर भरपूर बोल. शिक्षा फुकट कशाला घालवतेस?"

हे आमचे हे! तोंड सांभाळ म्हणणारे.

दोनच दिवसांनी मोठ्या बाई दारात उभ्या राहिल्या. वर्गात गलका होता. त्यांची नजर माझ्या गळ्याकडे गेली.

"ती काढा. मुलांसाठी आहे ती. शिक्षिकेला हे शोभतं का?"

"मला शोभत नाही, मग सात वर्षांच्या मुलीला शोभतं?"

त्यांचं हसू तसंच राहिलं. पुढे येऊन त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्या गळ्यातली पाटी काढली. नेमकी त्याच वेळी ठकी शेजारणीला काहीतरी सांगत होती, तिच्या भाषेत, भान विसरून. मोठ्या बाई वळल्या आणि पाटी घेऊन तिच्याकडे निघाल्या. ठकीने त्यांना बघितलं. तोंड मिटलं. हात मांडीवर गेले.

मी आडवी गेले. आणि सुटले, मराठीत!

"खबरदार तिच्या गळ्यात घातलीत तर! अहो, शेवटचं कोण बोललं? मी बोलतेय, ऐकू येतंय ना? नियम तुमचाच आहे. इकडे आणा ती पाटी! पोर आईसाठी रडली तर तिला फाटकावर उभी करता? लाज नाही वाटत? इंग्रजी मी पण शिकवते, जन्मभर शिकवलं, पण आईला आई म्हटलं म्हणून कोणाच्या तोंडावर फुली नाही मारली! वर प्रगती म्हणे! डोंबलाची प्रगती!"

त्यांना एक अक्षर कळत नव्हतं आणि सगळं कळत होतं. "स्टॉप," त्या म्हणाल्या. मी थांबले नाही. "स्टॉप इट!" मी आणखी आवाज चढवला. शेवटी त्यांचं ते गोड हसू पार गळून पडलं आणि त्या माझ्यावर ओरडल्या. चांगलं लांबलचक ओरडल्या, त्यांच्या स्वतःच्या, घरच्या भाषेत. ठकीच्याच भाषेत.

मग त्यांना समजलं, आपण काय केलं ते. मीही गप्प झाले. पाटीचा हात त्यांच्या अंगाशी तसाच लोंबत राहिला.

ठकी खुर्चीवरून उतरली. टेबलांमधून वाट काढत आली, मोठ्या बाईंच्या बोटांमधून दोरी सोडवली आणि टाचा उंचावून पाटी त्यांच्या गळ्यापर्यंत नेण्याची धडपड करायला लागली. हात पुरेना. तिच्या चेहऱ्यावर ना खोडी होती, ना सूड. शाळेने शिकवलेलं ती नीट करत होती, एवढंच.

"युअर टर्न, मॅडम," ती म्हणाली.

उच्चार अगदी स्वच्छ होते. तिचं इंग्रजीतलं पहिलं वाक्य. इतके दिवस मी ज्याची वाट पाहत होते, ते हे. मला त्या बाईंचा असा संताप आला की डोळ्यांना धारा लागल्या. आणि पोर अजून हात वर करून उभीच होती, आणि मोठ्या बाई काही मान वाकवत नव्हत्या.